गळालेल्या माणसांचा हिशेब

गेल्या आठवड्यात एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा प्रबंध तपासताना मी पहिल्याच तक्त्यावर अडखळलो. वयाच्या ओळीत जेवढे रुग्ण होते, त्याहून कमी रक्तदाबाच्या ओळीत आणि रक्तशर्करेच्या ओळीत त्याहूनही कमी. मधली माणसे कुठे गेली, याचा खुलासा कुठेच नव्हता.

निरीक्षणात्मक संशोधनात कोणाला कोणता उपचार मिळावा हे संशोधक ठरवत नाही. म्हणूनच माणसे कशी निवडली आणि कोण वगळले गेले हे लिहिले नाही, तर निष्कर्ष पारखण्याचा मार्गच उरत नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक उपचाराने हृदयविकार टळतो, असे अशाच अभ्यासांवरून वाटत होते. २००२ मध्ये अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या यादृच्छिक चाचणीने, म्हणजे कोणाला उपचार मिळावा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवणाऱ्या चाचणीने, त्याला छेद दिला.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘स्ट्रोब’ ही २२ मुद्द्यांची यादी निरीक्षणात्मक अभ्यासांच्या अहवालांसाठीच आहे. तिच्यातला तेरावा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो : प्रत्येक टप्प्यावर किती जण होते आणि गळालेले का गळाले, ते सांगा. (ही यादी अहवाल लिहिण्यासाठी आहे, तिच्यावरून अभ्यासाला गुण देणे मला चुकीचे वाटते.)

विद्यार्थिनीने मूळ नोंदवही पुन्हा उघडली, तेव्हा कळले की रक्ततपासणी उपाशीपोटी करायची असल्याने दुपारी आलेल्यांची ती झालीच नव्हती, आणि त्यांत बहुतेक रोजंदारीवरचे मजूर होते. ते वाक्य आता तक्त्याच्या खाली आले आहे.