तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांना सरळ अतिरेकी का म्हणत नाही?

"सरळ लिहा ना, अतिरेकी आहेत म्हणून. कशाला भिता?"

हे मला वर्षातून दहाबारा वेळा तरी ऐकावं लागतं. संदर्भग्रंथातल्या राजकीय पक्ष आणि संघटनांवरच्या नोंदी मी तपासते. नोंद वाचून कुणी फोन करतं, कुणी पत्र लिहितं. उलट बाजूचाही फोन येतो: "त्यांना अतिउजवे म्हणणारे तुम्ही कोण? ते स्वतःला राष्ट्रवादी म्हणवतात, तेवढंच लिहा." कधी कधी हे दोन्ही फोन एकाच नोंदीबद्दल, एकाच आठवड्यात आलेले आहेत. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी शब्दाबद्दल, कारण माझी पहिली मोठी चूक शब्दाचीच होती. एका युरोपीय पक्षावरची नोंद मी इंग्रजी मजकुरावरून केली होती. तिथे 'एक्स्ट्रीमिस्ट' होतं, मी 'अतिरेकी' लिहून मोकळी झाले. महिनाभराने एका शिक्षकांचं पत्र आलं: यांनी हल्ला कुठे केला होता, किती माणसं गेली, नोंदीत काहीच कसं नाही? नोंदीत नव्हतं कारण तसं काही घडलंच नव्हतं. पक्ष निवडणुका लढवत होता. त्याची भाषा विखारी होती, स्थलांतरितांबद्दल तो वाटेल ते बोलत होता, पण स्फोट किंवा खून यांचा आरोपही त्याच्यावर नव्हता. मराठी वाचणाऱ्याला 'अतिरेकी' म्हटलं की बंदूक दिसते, चकमकीची बातमी आठवते. माझ्या एका शब्दाने त्या पक्षावर न केलेला गुन्हा चढवला होता, आणि त्याने खरोखर जे केलं होतं ते झाकलं गेलं होतं.

तेव्हापासून जहाल, उग्रवादी, अतिरेकी, दहशतवादी, मूलतत्त्ववादी, अतिउजवा, अतिडावा हे शब्द मी एकमेकांच्या जागी चालवून घेत नाही. कास मुडे या डच अभ्यासकाने केलेला एक भेद मला रोज उपयोगी पडतो. बहुमताने सरकार निवडायचं हेच ज्यांना अमान्य आहे ते एका गटात. निवडणूक मान्य, पण अल्पसंख्याकांचे हक्क, कायद्याचं राज्य, सत्तेची विभागणी ही लोकशाहीची चौकट ज्यांना नको, ते दुसऱ्या गटात. इंग्रजीत या दोन्हींसाठी वेगळे शब्द आहेत. मराठीत नेमकी जोडी नाही, म्हणून मी शब्द शोधत बसण्यापेक्षा वाक्य लिहिते: 'हा पक्ष निवडणुका लढवतो, पण अमुक धर्माच्या नागरिकांना समान हक्क देण्यास त्याचा विरोध आहे.' जागा जास्त लागते. लागू दे.

'जहाल' या शब्दाचंच बघा. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली, त्या जहाल आणि मवाळ गटांबद्दल आपण सगळे शाळेत शिकलो. इंग्रजीत ज्यांना तेव्हा 'एक्स्ट्रीमिस्ट' म्हणून हिणवलं जात होतं, तेच हे जहाल. मराठीत आज त्यात शिवी उरलेली नाही, उलट आदरच आहे. त्याच वर्षी कलकत्त्याच्या भाषणात टिळक म्हणाले होते की आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. नेल्सन मंडेलांना १९९३ मध्ये नोबेल मिळालं, १९९४ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, तरी अमेरिकेच्या दहशतवादविषयक निगराणी यादीतून त्यांचं नाव निघायला २००८ उजाडलं.

यावरून काही जण म्हणतात, मग सगळं सापेक्षच आहे, कुणालाच काही म्हणू नये. हे मला अजिबात मान्य नाही. नाव बदलतं, कृत्य बदलत नाही. एखाद्याला भोसकलं गेलं असेल तर ते कोणत्याही काळात भोसकणंच असतं. म्हणून माझ्या नोंदीत आधी कृत्य येतं: कोणी, कुठे, कधी, काय केलं आणि काय बोलून केलं. त्यानंतर त्या गटाला कोण काय म्हणतं ते येतं, म्हणणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह.

आणि खरं काम तिथेच असतं. म्हणणारा कोण आहे?

न्यायालय म्हणालं असेल तर माझं काम हलकं होतं असं लोकांना वाटतं. जर्मनीच्या एनपीडी या पक्षाची गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. या पक्षावर बंदी घालावी म्हणून सरकार आणि संसदेची दोन्ही सभागृहं घटना न्यायालयात गेली होती. २००३ मध्ये ते प्रकरण मध्येच कोसळलं, कारण पक्षाच्या नेतृत्वातच सरकारी गुप्तचर यंत्रणांचे खबरे बसलेले निघाले. पक्षाचं म्हणून पुढे केलेलं म्हणणं खरोखर पक्षाचं की पगारी खबऱ्याचं, हे वेगळं कसं काढायचं? सातपैकी तीन न्यायाधीशांना हा अडथळा ओलांडता येण्यासारखा वाटला नाही, आणि खटला थांबवायला तेवढा विरोध पुरेसा होता. उगम दूषित असेल तर पुराव्याचे ढीगही कुचकामी ठरतात, हे मी या एका प्रकरणातून जितकं शिकले तितकं कुठेच शिकले नाही.

पुढे दुसरा अर्ज झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये निकाल आला. न्यायालय म्हणालं, पक्षाची उद्दिष्टं घटनाविरोधी आहेत, त्याचं नातं राष्ट्रीय समाजवादाशी, म्हणजे नाझी विचाराशी आहे, पण ती उद्दिष्टं गाठण्याइतकी ताकद असल्याचं दिसत नाही, म्हणून बंदी नाही. 'न्यायालयाने बंदी नाकारली' एवढंच लिहिलं तर पक्ष निर्दोष सुटल्यासारखं वाटतं. 'न्यायालयाने घटनाविरोधी ठरवलं' एवढंच लिहिलं तर बंदी आल्यासारखं वाटतं. दोन्ही वाक्यं खरी, आणि एकेकटी दोन्ही फसवी.

सरकारचं म्हणणं वेगळं तोलावं लागतं. रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये यहोवाज विटनेसेस या धर्मपंथाच्या संघटनेला अतिरेकी ठरवून बंदी घातली. हा पंथ शस्त्र हाती धरायलाच नकार देतो. २०२१ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने पुतिनविरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या भ्रष्टाचारविरोधी संस्थेला तेच नाव दिलं. सरकारी यादी हा मोठाच पुरावा असतो, पण कशाचा? त्या सरकारने त्या दिवशी तसं ठरवलं याचा. तारखेचं महत्त्वही इथेच कळतं. जर्मनीच्या घटनासंरक्षण खात्याने, म्हणजे तिथल्या देशांतर्गत गुप्तचर यंत्रणेने, २ मे २०२५ रोजी एएफडी हा पक्ष अतिउजवा आणि घटनाविरोधी असल्याची खात्री पटल्याचं जाहीर केलं. पक्ष न्यायालयात गेला. ८ मे रोजी खात्याने कळवलं की निर्णय येईपर्यंत हे वर्गीकरण वापरणार नाही. एका आठवड्यात मी ती नोंद दोनदा बदलली.

द्वेषगटांवर नजर ठेवणाऱ्या स्वयंसेवी संस्था आम्हाला फार उपयोगी पडतात. पत्रकं, भाषणं, सभांच्या नोंदी त्या वर्षानुवर्षं जमवत असतात. पण त्यांचा शिक्का मी जसाच्या तसा घेत नाही. अमेरिकेतल्या सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटरने मुस्लिमविरोधी अतिरेक्यांच्या यादीत माजिद नवाझ यांचं नाव घातलं होतं. नवाझ स्वतः मुस्लिम, आणि इस्लामी मूलतत्त्ववादाविरुद्ध काम करणारे ब्रिटिश कार्यकर्ते. २०१८ मध्ये त्या संस्थेने जाहीर माफी मागितली आणि तेहेतीस लाख पंचाहत्तर हजार डॉलर दिले. त्या संस्थेचं सगळं काम यामुळे बाद होत नाही. तिने गोळा केलेला कागद मी आजही वाचते, निष्कर्ष मात्र त्या कागदावरून पुन्हा काढून बघते.

वर्तमानपत्रांच्या बाबतीत मोजणीचा मोह होतो. एकदा एका संघटनेला 'सशस्त्र' म्हणणारे सहा संदर्भ मी एका नोंदीखाली पाहिले आणि निर्धास्त झाले. मग एकेक उघडला. पाच बातम्या एकाच वृत्तसंस्थेच्या मजकुरावरून उतरवलेल्या होत्या, आणि सहावी एका विरोधी गटाच्या पत्रकावरून. वृत्तसंस्थेच्या मजकुरातही त्याच पत्रकाचा हवाला होता. सहा दिसत होते, साक्षीदार एकच, तोही विरोधक. तो शब्द मी काढला. त्या दिवशी मला भित्री म्हणणारे फोन आले. चार महिन्यांनी दुसऱ्या, स्वतंत्र चौकशीत शस्त्रांचे तपशील आले, तेव्हा तो शब्द ठिकाण आणि तारखेसह परत घातला.

आता उलट बाजूच्या फोनबद्दल. एखादा गट स्वतःला काय म्हणवतो ते नोंदीत यायलाच हवं, पण तेच नोंदीचं नाव होऊ शकत नाही. 'ऑल्ट-राइट' (पर्यायी उजवे) हा अमेरिकेतल्या गोऱ्या वंशवाद्यांनी स्वतःसाठी घेतलेला शब्द असाच गोड होऊन आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या बातमीदारांना बजावलं की तो व्याख्येशिवाय वापरू नका, कारण त्याआड खरे विचार लपवले जात असतील. पूर्वी अशा समजुतींना आपण वंशवादी, नवनाझी किंवा गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाच्या म्हणत होतो, याचीही तिने आठवण करून दिली. सौम्य शब्द निवडला म्हणजे तटस्थ झालो असं नसतं. तोही एका बाजूला झुकणं असतं, फक्त ते चटकन दिसत नाही.

माझ्याकडे गेल्या वर्षी एका बाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा ग्रीसच्या गोल्डन डॉन या पक्षावर शाळेसाठी काहीतरी लिहीत होता. "नोंद वाचून त्याला कळलं पाहिजे की हे लोक भयंकर होते. तुमच्या तटस्थपणात ते कळेल का?" मी त्यांना नोंद वाचून दाखवली. २०१२ च्या दोन्ही निवडणुकांत जवळपास सात टक्के मतं. अभ्यासक आणि पत्रकार पक्षाला नवनाझी म्हणतात, पक्ष ते नाकारून स्वतःला राष्ट्रवादी म्हणवतो. पुढच्याच वाक्यात, स्थलांतरितांवर पक्षाच्या माणसांनी केलेले हल्ले. १८ सप्टेंबर २०१३ रोजी पाव्लोस फिसास या फासिझमविरोधी रॅप गायकाचा पक्षाच्या माणसाने भोसकून केलेला खून. ७ ऑक्टोबर २०२० रोजी अथेन्सच्या न्यायालयाने पक्षाचं नेतृत्व गुन्हेगारी संघटना चालवत असल्याचा दिलेला निकाल. 'भयंकर' हा शब्द नोंदीत कुठेच नाही.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती खुनाची तारीख पुन्हा सांगा, त्याला लिहून घ्यायची आहे."