गुळवेल: आधी वेल ओळखा, मग खोड कापा

करोनाच्या काळात घराघरात गुळवेलीचा काढा सुरू झाला, आणि वेल कधी जवळून न पाहिलेल्या लोकांनीही कुंपणावरून खोडं तोडून आणली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं होतं की गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होते. वाद अजून मिटलेला नाही. मात्र वेल नीट ओळखणं आणि ती बेताने घेणं, या दोन्हींची गरज त्यातून स्पष्ट झाली.

आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा. दोघींची पानं हृदयाच्या आकाराची, त्यामुळे पानावरून ठरवायला जाऊ नका. खोड हातात घ्या. गुळवेलीच्या जून खोडावर राखाडी, कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. नखाने खरवडला की खाली हिरवं दिसतं. पापुद्र्यावर बारीक ठिपके असतात, पण बोट फिरवलं तर मोठे फोड लागत नाहीत. क्रिस्पाच्या खोडावर मात्र चामखिळींसारखे ठळक उंचवटे असतात आणि कापल्यावर दुधी स्राव येतो. गुळवेलीतून दूध येत नाही. गुळवेल आडवी कापली तर आतला भाग चाकाच्या आऱ्यांसारखा दिसतो. फळं आली असतील तर काम आणखी सोपं: गुळवेलीची फळं वाटाण्याएवढी, गोल, पिकल्यावर लाल; क्रिस्पाची लांबट. आणखी एक पंचाईत आहे ती केसाळ पानांच्या जातभगिनीची. पानाला लव लागली तर तेही सोडून द्या, गुळवेलीचं पान गुळगुळीत असतं.

औषधात वापर खोडाचा. पानांची भाजी काही भागांत करतात, पण ‘रोज पाच पानं चावून खा’ हा सल्ला मोबाइलवरच्या फॉरवर्डमधला आहे. कडुनिंबावर चढलेली वेल सर्वांत चांगली, असं परंपरा सांगते. ती मिळाली तर उत्तमच, पण निंबावर आहे म्हणून ओळख पटवायची राहून गेली, असं होऊ देऊ नका. रस्त्याकडेची, गटाराजवळची किंवा फवारणी होणाऱ्या बांधावरची वेल नको.

काढ्यासाठी करंगळीएवढ्या जाडीचा साधारण वीतभर तुकडा पुरतो. वजन काट्यावर करा, २० ते ३० ग्रॅम भरलं पाहिजे. पापुद्रा खरवडा, बारीक तुकडे करा आणि खलबत्त्यात ठेचा. नुसते तुकडे उकळले तर अर्क नीट उतरत नाही. २५ ग्रॅमला ४०० मिली पाणी घ्या, झाकण न ठेवता मंद आचेवर १०० मिलीपर्यंत आटवा, गाळा आणि दोन वेळा विभागून त्याच दिवशी संपवा. फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेला काढा प्यायचा नसतो. कडूपणा घालवायला मध घालायचा असेल तर काढा कोमट झाल्यावर. काढा नको असेल तर हिम, म्हणजे न उकळता थंड पाण्यात उतरवलेला अर्क: तेवढंच ठेचलेलं खोड सहापट पाण्यात रात्रभर भिजवायचं, सकाळी कुस्करून गाळायचं. उष्णतेच्या तक्रारींत वैद्य हाच प्रकार सांगतात. जुना ताप, आमवात (सांधे सुजून दुखणं), वातरक्त (गाऊटसारखं सांध्यांचं दुखणं) आणि कावीळ हे गुळवेलीचे परंपरेने चालत आलेले उपयोग; पण यकृताचा किंवा सांध्यांचा आजार असेल तर पुढे दिलेली खबरदारी आधी वाचा. आमवातात तिला सुंठीची जोड देतात.

खरं कसब आहे ते सत्त्व, म्हणजे खोडातलं पाण्याच्या तळाशी बसणारं पिष्ट (स्टार्च) काढण्यात. त्यासाठी अंगठ्याएवढी जाड, जून वेल लागते, तीही थंडीत किंवा पानं गळल्यावर तोडलेली. पावसाळ्यात वेल पालवीवर जोर लावते, खोडातलं पिष्ट कमी होतं आणि हाती नुसतं चिकट पाणी लागतं. किलोभर खोड धुऊन पापुद्रा काढा, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा आणि खलबत्त्यात धागे सुटेपर्यंत ठेचा. मिक्सर टाळा, त्यात धाग्यांचा इतका बारीक चुरा होतो की तो कापडातूनही निसटतो. चार लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी त्याच पाण्यात हातांनी चांगलं चोळा, पाणी गढूळ आणि फेसाळ होईपर्यंत. दुहेरी सुती कापडातून गाळून रुंद तोंडाच्या स्टीलच्या पातेल्यात चार-पाच तास अजिबात न हलवता ठेवा. तळाशी थर बसतो. वरचं पाणी अलगद ओता, स्वच्छ पाणी घालून एकदा ढवळा, पुन्हा बसू द्या, पुन्हा ओता. उरलेला थर ताटात पसरून सावलीत वाळवा.

बिघाड ठरलेल्या जागी होतो. घाई करून गरम पाणी वापरलं किंवा ताट गॅसजवळ ठेवलं तर पिष्ट शिजून खळ होते, मग ती वाळून काचेसारखी तडकते. उन्हाळ्यात भिजत ठेवायला उशिरा सुरुवात करून दुपारपर्यंत ठेवलं तर आंबूस वास येतो. तो आला की सगळं फेकून द्या. तिसरी चूक शुभ्रतेच्या हौसेची. चार-पाच वेळा धुतलं की पांढरंशुभ्र सत्त्व मिळतं खरं, पण कडू द्रव्यं पाण्यात विरघळून निघून जातात आणि उरतं निव्वळ पिष्ट. म्हणून एक-दोन धुणं बस. पहिलं ओतलेलं पाणीही टाकू नका, ते मंद आचेवर आटवत नेलं की काळपट, जहाल कडू घन मिळतो.

किलोभर खोडातून हातात पडतं दहा ते चाळीस ग्रॅम, वेलीच्या वयावर आणि हंगामावर अवलंबून. हा हिशेब डोक्यात ठेवून बाजारातल्या स्वस्त डबीकडे बघा. बटाट्याचं किंवा मक्याचं पिष्ट मिसळणं सोपं आहे. आयोडिनचा थेंब टाकून भेसळ ओळखा, असं सांगतात, पण अस्सल सत्त्वही पिष्टच असल्यामुळे तेही निळं होतं. खात्री सूक्ष्मदर्शकाखाली पिष्टाचे कण पाहूनच होते. घरी फक्त अंदाज बांधता येतो: अस्सल सत्त्व मळकट पांढरं असतं आणि जिभेवर मागाहून हलका कडवटपणा येतो. अगदी दुधासारखं पांढरं आणि बेचव असेल तर शंका घ्यायला जागा आहे. मात्रा अर्धा ते एक ग्रॅम, दूध किंवा खडीसाखरेबरोबर.

ज्यांना यकृताचा आजार, ल्युपस किंवा रुमॅटॉइड संधिवातासारखा स्वप्रतिरक्षेचा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) विकार आहे, ज्यांचं अवयव प्रत्यारोपण झालंय, त्यांनी ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून गुळवेल सुरू करू नये. गरोदरपणातही नको. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते, डॉक्टरांना सांगूनच घ्या. महिनोन्महिने रोज घेण्याचं तर हे पेय नव्हेच. भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करा. आणि डेंग्यूत प्लेटलेट घसरत असताना काढ्यावर विसंबून दवाखाना लांबवू नका.

घरी लावायची तर मे अखेरीस किंवा पहिल्या पावसात दोन-तीन पेरांचा, १५ ते २० सेंटिमीटरचा जून तुकडा रोवा, वरची बाजू वरच ठेवून. आधार जाळीचा द्या. आंब्याच्या कोवळ्या कलमावर सोडली तर ती कलमच झाकून टाकेल. कापून फेकलेला तुकडाही कुंपणावर लटकत जिवंत राहतो आणि दोऱ्यासारखी मुळं खाली जमिनीपर्यंत सोडतो, त्यामुळे छाटणीचा कचरा उघड्यावर टाकू नका. मोसंबी, संत्री किंवा डाळिंबाची बाग शेजारी असेल तर मात्र लावूच नका. फळातला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीच्या पानांवर वाढतात, म्हणूनच बागायतदारांना बांधावरच्या या वेली काढून टाकायला सांगतात.