हसला की कोसळायचा

फाईलवर 'फिट', म्हणजे अपस्मार, असं लिहिलेलं होतं. वय चोवीस, वेर्ण्याला कारखान्यात नोकरी, गावच्या जत्रेतल्या नाटकात दरवर्षी विनोदी भूमिका. तालमीत हसू फुटलं की हा गुडघ्यातून मोडायचा. फिटच्या गोळ्या चालू होत्या, एमआरआय आणि ईईजी स्वच्छ होते, देवळात कौलही लावून झाला होता. दिवसा झोप इतकी यायची की बसमध्ये उतरायची जागा निघून जायची.

"पडतो तेव्हा शुद्ध जाते?" मी विचारलं.

"जाते तर!" आई म्हणाली.

"नाही डॉक्टर, सगळं ऐकू येतं. बोलता तेवढं येत नाही."

तिथेच माझे कान टवकारले. सोबत आलेला मामेभाऊ नाटकातही त्याचा जोडीदार. त्याला म्हटलं, तुमचा तो प्रवेश इथेच करून दाखवा बघू. फोंड्याच्या माझ्या दवाखान्यात दोघांची जुगलबंदी सुरू झाली. बाहेरचे पेशंट दारातून डोकावू लागले. शेवटच्या वाक्याला हा स्वतःच खुदकन हसला आणि जबडा लोंबला, मान छातीवर आली, अंग खुर्चीत सैल पडलं. मी हातोडी गुडघ्याखाली मारली. पाय ढिम्म. थोड्या वेळापूर्वीच त्याच ठिकाणी मारली होती, तेव्हा पाय चांगला उडाला होता. मिनिटभरात तो सावरला, पुन्हा मारली तर पुन्हा उडाला. "तुम्ही सिस्टरना म्हणालात, पाय बघा," तो म्हणाला. शब्द न् शब्द ऐकलेला.

हा कॅटाप्लेक्सी: जोरदार भावना आली की शुद्ध न जाता स्नायू अचानक सैल पडतात. पुस्तकात शंभरदा वाचावा आणि डोळ्यांसमोर क्वचितच घडावा असा प्रकार. पुढे झोपेची तपासणी केली: रात्रभर नोंद, मग दिवसा दोन-दोन तासांनी डुलक्या. आपल्याला झोप लागल्यावर स्वप्नांच्या झोपेत शिरायला साधारण दीड तास लागतो. हा मिनिटांत पोचत होता. निदान नार्कोलेप्सी, दिवसा अनावर झोप आणणारा आजार.

कारण समजावताना मी ओरेक्सिनपाशी आले. १९९८ साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधलेलं हे न्यूरोपेप्टाइड, म्हणजे मेंदूतल्या पेशींचा निरोप नेणारा रेणू; त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या मोजक्या पेशी ते तयार करतात आणि जागं ठेवणाऱ्या केंद्रांतल्या पेशींवर बसलेले दोन रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारे ग्राहक, ते पकडतात. पहिल्याला ओरेक्सिन-ए जास्त रुचतं, दुसऱ्याला ए आणि बी दोन्ही सारखेच. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेलं प्रथिन; ते बाहेर निरोप घेतं, आत तो पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाला हलवतं आणि पेशी चेतते. जाग टिकते ती त्यामुळे. स्वप्नात स्नायू सैल पाडणारी यंत्रणाही त्यामुळेच दिवसा दबून राहते. निरोप थांबला की हसण्यासारखी जोरदार भावनासुद्धा ती यंत्रणा भर दिवसा चालू करू शकते.

"म्हणजे माझा रिसेप्टर बिघडलाय?"

कुत्र्यांत तसं होतं. १९९९ मध्ये नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन आणि लॅब्रॅडोर कुत्र्यांत दुसऱ्या रिसेप्टरचं जनुकच मोडलेलं सापडलं. माणसात मात्र रिसेप्टर बहुधा शाबूत असतो; ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नाहीशा होतात. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, असा दाट संशय आहे.

तो क्षणभर थांबून म्हणाला, "कुत्रा बहिरा नट. माझे कान ठीक, पण विंगेतला प्रॉम्प्टरच घरी गेलाय."

विद्यार्थ्यांना मी आता हेच सांगते.

गंमत म्हणजे निद्रानाशाच्या लोकांसाठी याच रिसेप्टरांचं तोंड बंद करणारी गोळी अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाली. याला हवं होतं नेमकं उलट. दुसऱ्या रिसेप्टरला चालना देणारी औषधं मानवी चाचण्यांपर्यंत पोचली आहेत. त्याच्या हाती देण्यासारखं माझ्याकडे तेव्हा जुनंच होतं. सकाळी जागं ठेवणारं मोडाफिनिल, कोसळणं थांबवायला व्हेन्लाफॅक्सिन, फिटच्या गोळ्या हळूहळू बंद. आणि स्कूटरची चावी मामेभावाच्या खिशात. झुआरी पुलावर डोळा लागलेला मला नको होता. यावरच तो सगळ्यात जास्त चिडला.

कारखान्यासाठी पत्र दिलं: रात्रपाळी नको, दुपारी वीस मिनिटं झोपू द्यावं. दुसऱ्या दिवशी तिथल्या साहेबांचा फोन. "मॅडम, ड्युटीवर झोपायचं प्रिस्क्रिप्शन?"

"हो," मी म्हटलं, "आणि ते जेवणानंतर, रोज."