सेल्युलेज कुठंय?

आमचं काम कुणाला सांगायला गेलं की पंचाईतच होते. दापोलीच्या आत्याला एकदा म्हटलं मी प्रोटीनचं काम करतो, तर तिनं विचारलं, ते जिमवाली पोरं दुधात घालतात ते डबे का? तर नाही. दुसऱ्यांच्या लॅबमधून मास स्पेकचा, म्हणजे रेणूंची वजनं मोजणाऱ्या मशिनचा, डेटा येतो आणि आम्ही बाणेरच्या एका ऑफिसात बसून त्यात कुठली कुठली प्रोटीन्स होती ते शोधून देतो. खऱ्या मशिनला मी हात लावलाय तो एमएस्सीला, तोही सर बाहेर गेल्यावर.

मागच्या पावसाळ्यात पाइनच्या सूत्रकृमीचं काम आलं. सूत्रकृमी म्हटलं की आपल्याला डाळिंब, पेरू आणि मुळावरच्या गाठी आठवतात. हा तसला नाही, हा खोडात राहतो. जेमतेम एक मिलिमीटरचा, मूळचा उत्तर अमेरिकेतला, तिथल्या पाइनना त्याचं फारसं काही होत नाही, पण जपानमध्ये पोचला आणि तिकडची जंगलं लाल पडायला लागली, मग १९९९ ला पोर्तुगालमध्ये सापडला. एक भुंगेरा याला स्वतःच्या श्वासनळ्यांत भरून झाडावरून झाडावर नेतो. हा आत शिरला की झाडाचं पाणी वर चढायचं थांबतं आणि एका हंगामात आख्खं झाड वाळून जातं. गंमत अशी की याच किड्याचे काही स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, झाड मारतात आणि काही नुसते राहून खातात. मग फरक कशात आहे, हे किडे बाहेर जी प्रोटीन्स सोडतात त्यात आहे का, एवढं शोधायचं होतं. एक मारका स्ट्रेन, एक गरीब स्ट्रेन, दोघांची तुलना करा, बस.

आता लॅबमध्ये हे किडे वाढवतात बोट्रायटिस बुरशीवर, द्राक्षावर राखाडी बुरा आणते ती. म्हणजे सॅम्पलमध्ये बुरशीची प्रोटीन्स येणारच, हा माझा हिशोब. म्हणून मी एका ओळीचा फिल्टर टाकला, ज्या प्रोटीनचं सगळ्यात जवळचं साम्य बुरशीशी ते बाद. इतकी देखणी ओळ होती की शेजारच्या डेस्कवरच्या मुलाला बोलवून दाखवली. रिझल्ट आला तर दोन्ही स्ट्रेन जवळजवळ सारखेच. मी त्यावरही रिपोर्टमध्ये दीड पान लिहिलं की तीव्रतेचा फरक बाहेर सोडलेल्या प्रोटीनमध्ये नसावा वगैरे वगैरे. शुक्रवारी रात्री ड्राफ्ट मॅडमना पाठवला आणि वीकेंडला निवांत झोपलो.

सोमवारी विद्यापीठ चौकात पाऊण तास अडकून, ओला होऊन पोचलो तर मॅडम माझ्याच खुर्चीत बसलेल्या. स्क्रीनवर माझी यादी, सर्चच्या खिडकीत एकच शब्द, खाली शून्य रिझल्ट.

"अरे, सेल्युलेज कुठंय?"

सेल्युलेज म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम. मी म्हटलं नसेल सोडत. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "झाडात राहतो ना हा? झाडाच्या पेशीची भिंत कशाची असते? मग काय दार वाजवून आत जातो?"

मी फिल्टरचं सांगितलं. त्या काही न बोलता उठल्या, आम्ही खाली टपरीवर गेलो, तिथली बसायची फळी चाकणहून आलेल्या जुन्या पॅलेटची आहे. त्यावर जळका शिक्का आहे, गव्हाची लोंबी आणि शेजारी 'एचटी'. त्याच शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हा शिक्का असल्याच किड्यांपायी आलाय, लाकूड गाभ्यापर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवतात. आणि मग वडा आल्यावर, "त्याची सेल्युलेजची जीन्स बुरशीकडूनच आलेली दिसतात, फार पूर्वी कधीतरी, २००४ लाच छापून आलंय. बटाटा पोर्तुगीजांनी आणला म्हणून तू वड्यातून काढणार का?"

वर आलो आणि बादांची यादी उघडली. आता एकच मार्ग, किडा आणि बुरशी दोघांचे डेटाबेस एकत्र करून नव्यानं सर्च, आणि जिथं वाद आहे तिथं स्पेक्ट्रम, म्हणजे मशिननं काढलेला वजनांचा आलेख, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. बहुतेक पटापट सुटले. एका पेप्टाइडनं, म्हणजे प्रोटीनच्या छोट्या तुकड्यानं, मात्र चार तास खाल्ले. किड्याच्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे अमिनो आम्लांच्या ओळीत, एका जागी अ‍ॅलनिन, बुरशीच्या सिक्वेन्समध्ये तिथं सेरीन, बाकी अक्षरं तीच. सेरीनमध्ये ऑक्सिजनचा एक अणू जास्त, वजनात १६ चा फरक, म्हणजे वजन बघा आणि सांगा, सोपं. पण त्याच पेप्टाइडमध्ये मेथायोनीन पण होतं, आणि ते सॅम्पल हाताळताना ऑक्सिजन पकडतं. मग वजन कितीनं वाढतं? त्याच १६ नं! म्हणजे समोरचं वजन बुरशीच्या साध्या पेप्टाइडचं असेल किंवा किड्याच्या गंजलेल्या, आणि दशांशानंतर कितीही आकडे बघा फरक शून्यच, कारण दोन्हीकडं अणू मोजून तेवढेच.

मग तुकडे मोजायचे. मशिन पेप्टाइड फोडतं, तुकड्यांची वजनं ओळीनं लावली की जिना दिसतो, एक पायरी म्हणजे एक अमिनो आम्ल. अ‍ॅलनिनची पायरी ७१, सेरीनची ८७. त्या जागची दोन शिखरं अगदी बुटकी, गवतात लपल्यासारखी, मी झूम करत करत स्क्रीनला नाक लावलं. वजाबाकी केली, ७१. परत केली, ७१. आणि मेथायोनीनची पायरी १३१ च्या जागी १४७. वर ६४ नं कमी असलेलं एक शिखर, जे गंजलेल्या मेथायोनीनचीच खूण. किड्याचंच होतं! मी इतक्या जोरात "हा!" केलं की शेजारच्यानं हेडफोन काढले.

संध्याकाळपर्यंत दोन्ही स्ट्रेनचे आलेख वेगळे दिसायला लागले होते, नुसत्या डोळ्यांनी. मॅडम म्हणाल्या २०२१ चा जपानी पेपर तरी वाच, त्यांनी असेच मारके आणि गरीब स्ट्रेन लावून सिस्टीन पेप्टिडेज हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम आणि जीएच ३० या साखरेच्या साखळ्या तोडणाऱ्या गटातलं एन्झाइम पकडलंय, तीव्रतेमागं. मी तो रात्री परतताना पीएमटीत उभ्यानं वाचला. दीड पानाचं तत्त्वज्ञान उडवलं, फिल्टरची ओळ मात्र पुसली नाही, पुढं कॉमेंट टाकून ठेवली, "बटाटा".

बादांतली काही खरंच बुरशीची निघाली. आणि एक ना किड्याचं ना बुरशीचं, मेंढीच्या लोकरीचं केराटिन, तिकडच्या लॅबमधल्या कुणाच्या तरी स्वेटरचं. ते मी न विचारता काढलं.