गावासाठी लाइफ राफ्ट घ्यावा का?

पावसाळा तोंडावर आला की पलूस, वाळव्याकडच्या नदीकाठच्या गावांतून हा प्रश्न हमखास येतो. छत असलेला, दोर ओढला की सिलिंडरवर आपोआप फुगणारा लाइफ राफ्ट ऑनलाइन मिळतो, मग तोच घेऊ का?

नका घेऊ. बुडत्या जहाजावरून उतरायचं आणि मदत येईपर्यंत तरंगत राहायचं, एवढ्यासाठीच तो असतो. त्याला इंजिन नसतं. भर समुद्रात वाहत गेला तरी सहसा आपटायला काही नसतं. कृष्णेच्या पुरात धार नेईल तिकडे जाणं म्हणजे पुलाचा खांब नाहीतर बाभळीचं बन. शिवाय एकदा फुगवला की पुन्हा सिलिंडर भरून घडी घालायला सर्व्हिस सेंटर गाठा. पुरात तर फेऱ्या माराव्या लागतात.

घ्यायची ती सव्वाचार ते पावणेपाच मीटरची रबरी बोट. कापड हायपालॉनचं, म्हणजे एका कृत्रिम रबराचं; पीव्हीसी स्वस्त, पण उन्हात लवकर खराब होतं. हवेचे कप्पे किमान 3, म्हणजे एक फुटला तरी बोट तरंगते. ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, 25 ते 30 एचपीचं. इंजिन बसतं त्या मागच्या फळीची उंची आधी मोजा: 15 इंचाला शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड दांड्याचं इंजिन, 20 इंचाला लाँग. उंच फळीला शॉर्ट लावलं तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं गरगरतं.

बोटीवरच्या पाटीत लिहिलेली माणसं म्हणजे कमाल मर्यादा, चालक धरून. पुरात माणूस एकटा येत नाही. गाठोडं, ट्रंक, कधी शेळीही येते. पाटीवर 10 असेल तर चालक-मदतनीस धरून 8 वर थांबा. 8 ऑगस्ट 2019 च्या पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीत माणसं क्षमतेपेक्षा जास्त होती.

आपल्याकडचा खरा शत्रू पाण्याखाली असतो. द्राक्षबागेच्या मांडवाचे अँगल आणि तारा बोटीला उभी चिरतात, म्हणून रानातून आडवं न जाता रस्त्याच्या रेषेनं जा. मात्र डोक्यावरच्या विजेच्या तारांवर नजर हवी. उसाचा पाला पंख्यात गुंडाळला की इंजिन बंद करून वर उचला, वल्ही हातात घ्या, मग पाला कापा. त्यासाठी बोथट टोकाचा चाकू ठेवा. कोयता रबरी बोटीत कृपा करून नको!

पूर ओसरल्यावर स्वच्छ पाण्याच्या पिंपात इंजिन 10 मिनिटं चालवा, गाळानं इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाक, झिजतो. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाका. आणि बोट ग्रामपंचायतीच्या खोलीत घडी करून कोंबू नका. उंदीर आधी घड्याच कुरतडतात. अर्धी हवा भरून, जमिनीपासून उंच ठेवा.