दुसरा हात

चाचणीच्या त्या दिवसाला चार महिने झाले, तरी व्हिडिओतले ते अकरा सेकंद मी अजून अधूनमधून लावून बघतो.

मी हातात धरायच्या वैद्यकीय उपकरणांचं डिझाइन करतो. तेव्हा लॅपरोस्कोपीचा, म्हणजे पोटाला बारीक छिद्रं पाडून करायच्या शस्त्रक्रियेचा, स्टेपलर हाती होता. १२ मिलिमीटरच्या पोर्टमधून, म्हणजे छिद्रात बसवलेल्या नळीतून, त्याचा जबडा पोटात जातो आणि आतडं चिमटीत धरतो. बाहेर सर्जन ट्रिगर दाबतो, तशा आत टायटॅनियमच्या पिनांच्या ओळी दोन्ही बाजूंना बसत जातात आणि मधून पातं कापत पुढे सरकतं. आमच्या स्टेपलरला मोटर नव्हती, सगळा जोर बोटांचाच. त्याचा एक फायदा असतो, जो बाहेरच्यांना चटकन लक्षात येत नाही: ऊती जाड असेल तर ट्रिगर जड लागतो, आणि पुढे जायचं की थांबायचं हे सर्जनला बोटांतूनच समजतं.

हँडलच्या मागच्या बाजूवर मी जीव लावला होता. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचकीत जी वळणरेषा बसते, तिच्यासाठी फोमची तीसेक मॉडेलं घासली. प्रत्येक मॉडेल दोन-दोन ग्लोव्ह चढवून, साबणाच्या पाण्यात हात बुडवून धरून पाहिलं, कारण ऑपरेशनमध्ये हात कोरडा कधीच नसतो. साच्याच्या दोन भागांची जोडरेषा बोटांखाली येत होती, ती हट्टाने बाजूला सरकवून घेतली. टूलिंगवाल्यांनी महिनाभर कुरकुर केली. पण तासभर ग्लोव्हखाली ती रेघ घासत राहिली की काय होतं, ते त्यांना रेखाटनात दिसत नाही.

त्या दिवशी सहा सर्जन येणार होते. पहिले तिघे आले, खूश होऊन गेले. चौथ्या डॉक्टर बाई होत्या. ग्लोव्हचा नंबर ६. माझा ८.

सिम्युलेटरची, म्हणजे पोटाच्या जागी ठेवलेली, पेटी आधीच्या तिघांच्या उंचीला लावलेली होती, आणि ती खाली घ्यायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. लॅपरोस्कोपीची अवजारं लांब असतात. हँडल कोपराच्या आसपास राहायचं तर टेबल बरंच खाली हवं. त्यांनी स्वतःच विचारलं, ‘‘पायाखाली घ्यायला काही आहे का?’’ स्टूल दिलं. तरी खांदा उचललेला आणि मनगट वाकलेलंच राहिलं.

जबडा बंद केला, ट्रिगरवर बोटं ठेवली. बोटांची फक्त शेवटची पेरं पोचली. क्षणभर थांबल्या. मग डावा हात वर आला, उजव्या बोटांवर बसला, आणि दोन्ही हातांनी त्यांनी ट्रिगर शेवटपर्यंत दाबला. पिना एकसारख्या बसल्या होत्या. नोंदी घेणाऱ्या सहकाऱ्याने लिहिलं, ‘काम पूर्ण, चूक नाही.’ खाली मी सही केली.

‘‘काही अडचण?’’ मी विचारलं.

‘‘नाही, छान आहे. हातात चांगलं बसतं.’’

त्या ग्लोव्ह काढत होत्या तेव्हा राहवेना. ‘‘मॅडम, डावा हात लावलात ना तुम्ही?’’

त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. ‘‘ते नेहमीचंच. इथे हात मोकळा होता. ऑपरेशनमध्ये डाव्या हातात आतडं धरायचा ग्रास्पर असतो, तो सोडता येत नाही. मग असिस्टंटला म्हणते, दाबा.’’

‘‘मघाशी बोलला नाहीत?’’

‘‘तुमच्या प्रश्नांत ते नव्हतं.’’

म्हणजे आतडं बघणारे डोळे एकाचे आणि त्याचा जडपणा जाणवणारी बोटं दुसऱ्याची. बोटांतून समजतं म्हणून ज्या गुणाचं मी दोन वर्षं कौतुक करत होतो, तो त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

संध्याकाळी कॅलिपर घेऊन बसलो. बेचकीपासून उघड्या ट्रिगरपर्यंत अंतर ९२ मिलिमीटर. हाताची ताकद मोजायच्या जामार यंत्राला पकडीचे पाच टप्पे असतात, साधारण ३.५ ते ८.६ सेंटिमीटर. मोजणी सहसा दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे ४.८च्या आसपास करतात, कारण बहुतेकांचा जोर तिथल्या आसपासच सर्वांत जास्त लागतो. पकड त्याहून खूप उघडली की जोर घटतो, आणि मनगट वाकलं की आणखी घटतो. आमचं हँडल जामारच्या शेवटच्या टप्प्यापेक्षाही जास्त उघडत होतं, आणि बोटं जिथे सर्वांत दुबळी तिथेच सगळा जोर मागत होतं. तरीही ‘ट्रिगरचा जोर मर्यादेत’ असा शेरा अहवालात होता, कारण तो यंत्राच्या चिमट्याने मोजला होता. चिमट्याला बोटांची लांबी नसते.

यात नवं काहीच नव्हतं, हे जास्त लागलं. ७२६ लॅपरोस्कोपी सर्जनांची एक पाहणी २००४ सालीच छापून आली आहे. ६.५ आणि त्याहून लहान ग्लोव्ह घालणाऱ्यांनी स्टेपलर त्रासाचा असल्याचं त्यात सांगितलंय. आमच्या प्रोजेक्ट लीडचं उत्तर ठरलेलं होतं, ‘‘पाचव्या पर्सेंटाइलची स्त्री धरली होती आपण.’’ धरली होती खरी, म्हणजे शंभरातल्या पाचच बायकांचा हात जिच्याहून लहान, अशी. अमेरिकी लष्कराच्या १९८८ च्या मोजमापांतला साडेसोळा सेंटिमीटरचा हात, सरळ मनगटाचा, ग्लोव्हशिवायचा, कागदावरचा. तक्त्यातली बाई स्टुलावर उभी नसते.

फॉर्मबद्दलही बोललोच. एफडीए या अमेरिकेतल्या औषधं-उपकरणांच्या नियामक संस्थेची २०१६ ची मार्गदर्शिका वापरातली चूक, थोडक्यात टळलेली चूक आणि वापरताना आलेली अडचण, तिन्ही टिपायला सांगते. आमच्या फॉर्मवर फक्त झालं किंवा नाही झालं एवढंच होतं. वेळ वाचतो म्हणे. दोन मापांची हँडलं करायची सूचना विक्री विभागाने पाच मिनिटांत निकालात काढली.

शेवटी पिव्होट, म्हणजे ट्रिगर फिरतो तो बिंदू, हलवला आणि आत रॅचेट, म्हणजे झालेला दाब मागे न जाऊ देणारा दातेरी खटका, घातला. आता एकाऐवजी दोनदा दाबावं लागतं, पण उघडं अंतर ७४ वर आलं. फुकट नाही मिळालं हे. एक सुटा भाग वाढला, वेळ वाढला, आणि साडेआठ नंबरवाल्या एका सर्जनची करंगळी दाबताना चिमटते. त्यांचीही तक्रार खरी आहे, आणि तिच्यावर मला अजून तोडगा सापडलेला नाही.

दुसऱ्या फेरीला त्याच डॉक्टर आल्या. पेटी मी आधीच खाली घेऊन ठेवली होती. बोटं मधल्या पेरापर्यंत ट्रिगरवर बसली. पहिला दाब एका हाताने गेला. दुसऱ्याच्या वेळी डावा हात टेबलावरून उठला, अर्ध्यावर आला, आणि तिथेच थांबला. दाब पूर्ण झाला तेव्हाही तो तसाच हवेत होता.

नव्या फॉर्ममध्ये अडचणीचा रकाना मीच घालून घेतला होता. त्यात काय लिहायचं ते मला सुचेना. शेवटी ‘डावा हात उचलला, लावला नाही’ एवढंच लिहिलं.