स्नायूच्या अंगावरच लिहिलेलं नाव

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीररचना, माझ्या डोक्यात शिरेना. पुस्तकात बाण, बाणांना आकडे, आकड्यांची यादी खाली. डोळा वर-खाली करूनच थकायचा. मग काकांनी त्यांचं पुठ्ठा सुटलेलं जुनं ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ दिलं. त्यात फोरआर्मच्या आकृतीत फ्लेक्सर कार्पी रेडियालिसचं नाव त्या स्नायूच्या अंगावरच, तो जसा मनगटाकडे उतरतो तसंच छापलेलं. दुसऱ्या दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये, मृतदेहाच्या विच्छेदनात, फॅशिया म्हणजे स्नायूवरचं पातळ आवरण सोडवलं आणि तो स्नायू मला नावासकट दिसला. त्यानंतर व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, भीती गेली.

पुस्तक हेन्री ग्रे यांचं. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात ते अ‍ॅनाटॉमी शिकवायचे. पहिली आवृत्ती १८५८ची, आणि तीनच वर्षांत, ३४व्या वर्षी, ते देवीच्या रोगाने गेले. ती चित्रं कुणाची, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडलाच नाही. त्याची मला आजही खंत वाटते.

इथे साताऱ्यात दवाखाना टाकून वीस वर्षं झाल्यावर एक शेतकरी आले. आयुष्यभर अनवाणी रानात राबलेले. पाऊल सुजून टणक झालेलं, बारीक भोकांतून काळे दाणे पडत होते. मदुरा फूट. त्या रात्री वाचायला बसले. हा आजार बुरशीचा आहे हे १८७४ साली ग्रंथ लिहून मांडणारे डॉक्टर होते हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. ग्रेंच्या पुस्तकातली सगळी चित्रं त्यांचीच! डिसेक्शनही दोघांनी मिळून केलेलं. तरी मोबदला एकदाच, १५० पौंड. आवृत्त्यांचं मानधन ग्रेंना. प्रुफावर ग्रेंनी कार्टर यांच्या नावाचा टाइप बारीक करायला लावला, हे वाचून मला फार राग आला.

पुस्तक बाजारात येण्याआधीच कार्टर मुंबईला निघून आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवली, आणि पुढे सिव्हिल सर्जन म्हणून आले ते थेट आमच्या साताऱ्यात. ज्यांच्या हाताने मी शरीर शिकले, ते याच गावात पेशंट तपासत होते.

दुसऱ्या दिवशी मी काकांचं पुस्तक दवाखान्यात नेलं आणि तळपायाची आकृती त्या शेतकऱ्यांपुढे उघडली. बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यावर बोट ठेवून म्हणाले, “बाई, माझं कुठवर गेलंया?”

मी पेन्सिल घेतली आणि टाचेच्या हाडापर्यंत रेघ ओढली.